मदत हवी आहे: कार्लाइल संघाचा १९१२ चा फुटबॉल हंगाम मराठीत लिहिताना अडलेले शब्द

नमस्कार मंडळी,

एका दिवाळी अंकासाठी मी अमेरिकेतील कार्लाइल इंडियन स्कूलच्या १९१२ सालच्या फुटबॉल हंगामावर लेख लिहीत आहे. मजकूर पूर्ण झाला आहे, पण काही शब्दांपाशी अडलो आहे. संपादकांनी पहिल्याच पानाच्या समासात पेन्सिलीने विचारले आहे, ‘हे भारतीय खेळाडू तिकडे कधी गेले?’ मी संघाचा उल्लेख सरळ ‘कार्लाइल इंडियन्स’ असा केला होता. येथे ‘इंडियन’ म्हणजे भारतीय नव्हे, तर अमेरिकेतील मूळच्या जमातींचे लोक; त्यामुळे शंका रास्त आहे आणि तिचे निरसन तळटीपेत न होता शब्दातच व्हावे, असे मला मनापासून वाटते.

पेनसिल्व्हेनियातील कार्लाइल येथे रिचर्ड हेन्री प्रॅट या लष्करी अधिकाऱ्याने १८७९ मध्ये ही सरकारी निवासी शाळा सुरू केली. अमेरिकेतील मूळच्या जमातींची मुले घरापासून शेकडो मैल दूर आणून तेथे त्यांचे केस कापले जात, नावे बदलली जात आणि मायबोलीत बोलण्यास मज्जाव असे. अनेक मुले तेथेच दगावली. त्यांपैकी काहींचे अवशेष अगदी अलीकडे, २०१७ पासून, नातेवाइकांच्या स्वाधीन केले जात आहेत. अशा शाळेच्या मुलांनी मोठमोठ्या विद्यापीठांच्या संघांना धूळ चारली, म्हणून त्यांना कोणत्या नावाने हाक मारायची हा प्रश्न मला किरकोळ वाटत नाही. ‘रेड इंडियन’ हा आपल्या लहानपणीच्या पुस्तकांतला शब्द अवमानकारक आहे. ‘आदिवासी’ म्हटले की वाचकाच्या डोळ्यांसमोर वारली, गोंड, भिल्ल येतात, तर ‘मूलनिवासी’ या शब्दाला महाराष्ट्रात वेगळा राजकीय अर्थ चिकटलेला आहे. एकेका खेळाडूपुरती मी वाट काढली आहे: जिम थॉर्प हा सॅक अँड फॉक्स जमातीचा, गस वेल्च हा चिप्पेवा. पण अख्ख्या संघाला एका शब्दात काय म्हणावे?

दुसरी अडचण खेळाच्या परिभाषेची आहे. हा फुटबॉल आपला नव्हे. यात चेंडू हातात घेऊन धावतात. १९१२ मध्येच त्याचे नियम बदलले: दहा यार्ड पुढे सरकण्यासाठी तीनऐवजी चार प्रयत्न मिळू लागले आणि टचडाउनचे, म्हणजे चेंडू प्रतिपक्षाच्या शेवटच्या रेषेपलीकडे नेण्याचे, गुण पाचांवरून सहा झाले. चेंडू घेऊन धावणाऱ्याला धरून पाडण्याला म्हणजे ‘टॅकल’साठी कबड्डीतील ‘पकड’ चपखल बसते. मात्र वर सांगितलेल्या प्रत्येक प्रयत्नाला ‘डाउन’ म्हणतात, त्यासाठी ‘चढाई’ लिहिले, तर एकटाच गडी प्रतिपक्षाच्या अंगणात शिरल्याचा भास होतो. आणि ‘डाव’ म्हटले की क्रिकेट आठवते. सध्या मी ‘खेप’ वापरला आहे: ‘तिसऱ्या खेपेला थॉर्प चेंडू घेऊन निघाला.’ हे वाक्य कानाला कसे लागते, ते कृपया सांगावे.

ज्या सामन्यासाठी हा सारा खटाटोप, तो ९ नोव्हेंबर १९१२ रोजी वेस्ट पॉइंट येथे झाला. समोर सैन्यदलाच्या अकादमीचा संघ होता आणि त्यात पुढे राष्ट्राध्यक्ष झालेला ड्वाइट आयझेनहॉवर खेळत होता. साउथ डकोटातील वूंडेड नी येथे अमेरिकी सैन्याने लाकोटा या मूळच्या जमातीच्या लोकांची कत्तल केली, त्याला त्या वेळी जेमतेम बावीस वर्षे झाली होती. प्रशिक्षक पॉप वॉर्नर यांच्या कार्लाइल संघाने हा सामना २७-६ असा जिंकला. पुढच्याच आठवड्यात पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाकडून ३४-२६ अशी हार झाली, वॉशिंग्टन अँड जेफरसनविरुद्धचा सामना आधीच ०-० असा बरोबरीत सुटला होता; बाकीचे बाराही सामने त्यांनी जिंकले. त्याच उन्हाळ्यात स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये थॉर्पने पेंटॅथलॉन व डेकॅथलॉनची सुवर्णपदके मिळवली होती. पूर्वी पैसे घेऊन बेसबॉल खेळल्याच्या कारणावरून ती १९१३ मध्ये काढून घेण्यात आली आणि दोन्ही स्पर्धांचा एकमेव विजेता म्हणून त्याची नोंद पुन्हा झाली ती थेट २०२२ मध्ये. लेखाचा हा भाग मी विस्ताराने लिहिला आहे; तेथे शब्दांची अडचण आली नाही.

शेवटची शंका शीर्षकाची. कार्लाइल पदवी देणारे महाविद्यालय नव्हते, तरी त्याचा संघ महाविद्यालयांविरुद्धच खेळे. मग ‘महाविद्यालयीन फुटबॉल’ हा शब्दप्रयोग शीर्षकात ठेवावा की ‘शाळेचा संघ’ असेच म्हणावे? माझा कल दुसऱ्याकडे आहे, कारण ‘शाळा’ या शब्दामुळे वाचकाला त्या मुलांचे वसतिगृहातले दिवस विसरता येणार नाहीत. अनुवाद किंवा क्रीडालेखन करणाऱ्यांनी आपापला पर्याय एखाद्या वाक्यात वापरून दाखवला, तर अधिक उपयोग होईल. सुधारित मजकूर मला पंधरा दिवसांत द्यायचा आहे.