लष्करी दुरुस्तीतील खासगी भागीदारी: कोल्हापूरच्या लहान कारखान्याने उतरावे का?

प्रश्न (शिरोली एमआयडीसीतील लघुउद्योजक):
नमस्कार. शिरोलीत आमचे ओतकाम व सीएनसी मशीनिंगचे छोटे युनिट असून आजवर आम्ही पंप आणि ट्रॅक्टरचे सुटे भाग करत आलो. लष्कराची बेस वर्कशॉप (वाहने व साधनांच्या मोठ्या दुरुस्तीच्या कार्यशाळा) ‘गोको’ पद्धतीने, म्हणजे जागा आणि यंत्रे सरकारची व चालवणारा खासगी, अशी चालवावीत असे संरक्षण सुधारणांसाठी नेमलेल्या शेकटकर समितीने सुचवले होते. या भागीदारीत आमच्यासारख्यांना जागा आहे का? एका मोठ्या कंपनीकडे आमचे बिल आठ महिने अडकले होते, त्यामुळे मन धजत नाही.

उत्तर १ (ईएमई म्हणजे लष्कराच्या दुरुस्ती-देखभाल दलातून निवृत्त, कागल):
ओव्हरहॉलला (संपूर्ण दुरुस्तीला) आलेले वाहन पूर्ण सुटे करून प्रत्येक भाग धुतला आणि मोजला जातो, आणि मगच तो पुन्हा वापरायचा, दुरुस्त करायचा की भंगारात काढायचा हे ठरते. वाहन उघडेपर्यंत किती माल लागेल हे कोणालाच नेमके सांगता येत नाही. म्हणून ठेका नुसता नगावर दिला, तर झिजलेलाच भाग पुन्हा बसवण्याचा मोह होतो आणि त्याची किंमत सीमेवरचा जवान मोजतो. साधने किती काळ सज्ज राहिली यावर मोबदला देणारी पद्धत मला अधिक पटते, पण ती जोखीम लहान कारखान्याला पेलणारी नाही. आपण चालक न होता सुट्या भागांचे पुरवठादार व्हावे.

उत्तर २ (गुणवत्ता तपासनीस, गोकुळ शिरगाव):
सहमत. संरक्षण मंत्रालयाच्या ‘सृजन’ पोर्टलवर देशात बनवून हवे असलेले भाग पाहता येतात. मात्र जुन्या साधनाचे ड्रॉइंग मिळाले नाही, तर हाती फक्त झिजलेला नमुना असतो. बुशचे (दांडा ज्यात फिरतो त्या नळीसारख्या भागाचे) भोक झिजून मोठे आणि एका बाजूला लांबट झालेले असते. तेच माप धरले, तर नवा बुश पहिल्या दिवसापासून सैल बसेल. त्याच्या जोडीचा भाग मागवून घ्या, न झिजलेल्या कडेवर माप घ्या आणि धातूचे पृथक्करण करून घ्या. हीट नंबर (वितळवलेल्या धातूच्या घाण्याचा क्रमांक) व टीसी (चाचणी प्रमाणपत्र) प्रत्येक ओतागणिक जपा. नग वीस-तीसच असतील, तर पॅटर्नचा (ओतकामाच्या साच्यासाठीच्या नमुन्याचा) खर्च दरात न मिसळता वेगळा मागा.

उत्तर ३ (करसल्लागार, राजारामपुरी):
थकबाकीविषयी सांगतो. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म व लघु पुरवठादाराचे पैसे २००६ च्या एमएसएमई विकास कायद्यानुसार माल स्वीकारल्यापासून फार तर ४५ दिवसांत मिळायला हवेत. उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागते. मालाच्या स्वीकृतीची तारीख लेखी घेतल्याशिवाय चलन फाइलला लावू नका.