घरगुती चटणीच्या धंद्यासाठी रील्स: पैसे देऊन करून घ्यावेत की घरीच? (कोल्हापूर)

वैशाखवणवा:
नमस्कार मंडळी. राजारामपुरीत सासूबाई आणि मी कांदा-लसूण चटणी (आमटी-रश्श्यात घालायचा तिखट मसाला) करून विकतो. गिऱ्हाईक सगळं ओळखीतलं, पुण्या-मुंबईची कुरिअरही नात्यागोत्यातूनच. आता इन्स्टावर रील्स टाकतेय. भाचा पोस्टर करून देतो, मागं सध्या गाजणारं एखादं गाणं लावतो, पण बघणारे घरचेच. एक जण पॅकेज घ्या म्हणून मागं लागलाय: महिन्याला ठरावीक रील्स आणि वर फूड पेजवाल्यांकडून जाहिरात. घालावेत का पैसे? मोबाईल साधाच आहे. आणि सासूबाई कॅमेऱ्यासमोर यायला साफ नाही म्हणतात.

पेठेतला:
ताई, पॅकेजचं नंतर बघू. तुमचे रील्स पाहिले. सुरुवातीला लोगो फिरतो, मग 'आमच्याकडे उत्तम प्रतीची चटणी मिळेल'. तोवर बघणारा अंगठ्यानं सरकवून दुसरीकडं गेलेला असतो. पहिल्या दोन-तीन सेकंदांत जे दिसतं त्यावरच तो थांबायचं का नाही ते ठरवतो. लोगो काढून टाका. चटणीवर गरम तेल ओतल्यावर जो चर्र आवाज होतो, तिथनंच रील चालू करा. नाव-पत्ता शेवटाला नाहीतर कॅप्शनमध्ये.

गडहिंग्लजची_जवारी:
वैनी, तुमच्याकडं लई माल हाय की, पोस्टर कशाला करताय? पुण्यातल्या माणसाला ब्याडगी कुठली आन् जवारी, म्हंजे गावरान, संकेश्वरी कुठली ते म्हाईत नसतं. दोन्ही मिरच्या एका सुपात शेजारी शेजारी ठेवा. ब्याडगीच्या अंगावर सुरकुत्या, ती रंगाला. जवारी तिखटाला. दोन्ही तेलात टाकून दाखवा, तेलाचा रंगच बोलंल. लक्ष्मीपुरीच्या बाजारात मिरची घेताना तुम्ही देठ मोडून, वास घेऊन, हातात खुळखुळवून बघता का न्हाई? त्ये दाखवा. ज्याला मिरची घेता येती, त्याची चटणी माणूस डोळं झाकून घेतंय.

शटरवाला:
लग्नाची शूटिंग करतो, त्यामुळं तांत्रिक बाजू सांगतो. साधा मोबाईल पुरतो, पण आधी लेन्स पुसा. स्वयंपाकघरातल्या मोबाईलवर तेलाचा पापुद्रा असतोच, आणि सगळं धुकट दिसतं त्याचं कारण निम्म्या वेळा तेच असतं. पुसायला सुती कापड घ्या, आणि मिरचीचा हात लागू देऊ नका, नाहीतर रात्री फोन कानाला लावल्यावर कळेल.

उजेड खिडकीचा घ्या, सकाळचा. ट्यूब बंद. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळं काही ट्यूब आणि स्वस्त एलईडीखाली व्हिडिओत पट्टे सरकताना दिसतात. मोबाईल उभा धरा, म्हणजे ९:१६. स्क्रीनवर कढई दिसते तिथं बोट दाबून धरलंत की फोकस आणि उजेड तिथंच लॉक होतो. नाहीतर वाफ आली की चित्र गडद-फिकट होत राहतं. मजकूर मधल्या भागात टाका, तळाशी आणि उजवीकडं इन्स्टाची बटणं येतात, त्याखाली भाव झाकला जातो.

कापाकापीला इन्स्टाचं स्वतःचं 'एडिट्स' ॲप आहे, एप्रिल २०२५ पासून. फुकट, आणि वर शिक्का येत नाही. तीच स्वच्छ फाईल यूट्यूब शॉर्ट्सवर टाका. दोन्हीकडं ३ मिनिटांचा व्हिडिओही चालतो, पण तुम्हाला २०-३० सेकंदं भरपूर झाली.

वैशाखवणवा:
बापरे, एवढं कुणी नीट सांगितलंच नव्हतं. गाण्याचं काय करायचं? भाचा म्हणतो चालू गाणं लावल्याशिवाय रील उचलतच नाही.

शटरवाला:
त्याचं अर्धं खरं आहे. पण बिझनेस खात्याला सगळी गाणी मिळत नाहीत, आणि धंद्याच्या व्हिडिओला सिनेमाचं गाणं लावलं तर हक्काचा प्रश्न येतो. उद्या इन्स्टानं आवाजच बंद केला तर रील मुका. आणि खरं सांगू? चटणीला गाणं लागतच नाही. कांडप मशीनचा धपधप आवाज, कांदा तळताना होणारा आवाज, मिरची परतताना घरभर उठणारा ठसका. तो ठसका कापू नका! कोल्हापुरातला माणूस, मग तो आता दुबईत का असेना, तो ऐकल्यावर थांबणारच. खाली मराठीत अक्षरं मात्र टाका, बरेच जण आवाज बंद करून बघतात.

पेठेतला:
सासूबाईंना समोर आणूच नका. हात आणि आवाज बास. कढईपाशी मोबाईल लावून ठेवा आणि त्यांना विसरू द्या. 'अगं खिडकी उघड, जीव घेतीस का' असं काहीतरी बोलतीलच. आवाज वापरायच्या आधी त्यांना विचारा फक्त.

गुजरीकर:
फूड पेजबद्दल. आमच्या चांदीच्या दुकानानं एकदा असं केलं होतं. व्ह्यूज भरपूर, गिऱ्हाईक एक नाही, कारण बघणारे निम्मे परराज्यातले. पैसे द्यायच्या आधी पेजवाल्याकडं त्याच्या इनसाइट्समधली (कोण, कुठनं बघतं ती इन्स्टाची आकडेवारी) शहरांची यादी मागा. कोल्हापूर, पुणे, सांगली, मुंबई वर नसतील तर आपल्या कामाचं नाही. दिली नाही यादी, तर विषय संपला. दुसरं म्हणजे, पैसे घेऊन किंवा नुसती फुकट बरणी घेऊन केलेल्या रीलवर जाहिरात आहे असं स्पष्ट लिहावं लागतं. एएससीआयचे (जाहिरातींवर लक्ष ठेवणारी जाहिरात क्षेत्राचीच संस्था) नियम २०२१ पासून आहेत, जानेवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारनंही सूचना काढल्या. जो म्हणतो 'लिहायचं नाही, आपोआप वाटलं पाहिजे', त्याच्यापासून लांब राहा. त्यापेक्षा तुमची चटणी वापरणारा एखादा मिसळवाला असेल तर त्याच्याशी कोलॅब पोस्ट करा. एकच रील दोघांच्या खात्यावर दिसतो.

गडहिंग्लजची_जवारी:
आन् पाकिटावर एफएसएसएआयचा, म्हंजे खाण्याच्या मालाच्या सरकारी नोंदणीचा, नंबर हाय न्हवं? रीलमधी पाकीट दिसलं की एखादा इचारतोयच.

वैशाखवणवा:
आहे आहे, नोंदणी सगळ्यात आधीच केली. कमेंटमध्ये सगळे एकच विचारतात, 'तिखट किती?' काय उत्तर देऊ कळत नाही.

पेठेतला:
अहो हीच तर लॉटरी! त्या कमेंटलाच रीलनं उत्तर देता येतं, कमेंट वर चिकटून दिसते. अर्धा चमचा आमटीत, एक चमचा रश्श्यात, दोन चमचे झणझणीत मटणाला, तिन्ही वाट्या शेजारी. मग 'पुण्याला अर्धा चमचा' असं लिहा. पुणेकर भांडायला येतील, येऊ देत. आणि तो रील प्रोफाइलला वर पिन करा, आणि बायोत व्हॉट्सॲपची लिंक. फोन नंबर पाठ करून कुणी ऑर्डर देत नाही.

शटरवाला:
आठवड्याला दोन रील्स केलेत तरी पुरे, पण प्रत्येक रीलच्या इनसाइट्समध्ये माणसं कुठल्या सेकंदाला गळतात तो आलेख बघा. तिथं काय दिसतंय ते पुढच्या वेळी कापा. लाइकपेक्षा 'शेअर किती झाले' बघा. चटणीचा रील बायका बहिणीला पाठवतात, आणि तिथनंच ऑर्डर येते.

वैशाखवणवा:
पॅकेजवाल्याला नाही कळवते. मिरची येत्या रविवारी परतायची आहे, खिडकीपाशी स्टूल लावून बघते. भाच्याला आता पोस्टरऐवजी देठं खुडायला बसवणार.