अनुभव धागा : साहेबांकडे पाठवलेला कागद

रामबागकर

परवा आमच्या शाखेत नव्यानेच लागलेला एक मुलगा रजेचा अर्ज घेऊन आला. दीड पान. पहिल्या परिच्छेदात कार्यालयाबद्दल कृतज्ञता, दुसऱ्यात आईची तब्येत, तिसऱ्यात देवासच्या मामांची अडचण, आणि अगदी शेवटी, जागा संपत आली म्हणून बारीक अक्षरात, बहिणीच्या लग्नासाठी तीन दिवस. विषयाच्या जागी लिहिलं होतं 'आवेदन'. मी म्हटलं, "अरे भिया, पाकिटावर कधी 'पाकीट' असं लिहितोस का?" हसला बिचारा आणि परत लिहायला घेऊन गेला.

त्यावरून हा धागा. घरात मराठी, शाखेत हिंदी, नियम इंग्रजीत, अशा तीन डगरींवर उभं राहून आपण इंदूरकरांनी 'वर' किती कागद पाठवले असतील! एखादा कुठे अडला, कसा सुटला, ते लिहा. उपदेश नको, किस्सा हवा. कार्यालयाचं नाव घालू नका, पुढच्या वर्षी पेन्शन घ्यायचीय काहींना.

सुरुवात माझ्यापासून. केंद्र सरकारी नोकरी, स्थापना शाखा, म्हणजे लोकांच्या नोकरीचे, रजांचे कागद बघणारी. 1 सप्टेंबर 2008 पासून आम्हा बायकांना मुलांच्या संगोपनासाठी रजा मिळू लागली, सबंध नोकरीत 730 दिवस, मूल अठरा वर्षांचं होईपर्यंत. मुलगा दहावीला गेला तेव्हा मी पंचेचाळीस दिवस मागितले. अर्जात काय काय लिहिलं! सासूबाईंचा मोतीबिंदू, नवऱ्याची भोपाळची बदली, मुलाचं गणित. लिहिताना माझेच डोळे भरून आले. कागद परत आला, कोपऱ्यात दोन शब्द : 'चर्चा करें'.

या दोन शब्दांचा चर्चेशी काही संबंध नसतो. साहेबांना नाही म्हणायचं नाही, हो म्हणायला कागदात आधार सापडत नाही, तोवर हे तुमच्याकडेच राहू द्या, एवढाच त्याचा अर्थ. याचंच थोरलं भावंड 'नियमानुसार कार्यवाही करें'. त्यातून हो निघतं की नाही, ते खालच्याने ठरवायचं आणि चुकलं तर खालच्यानेच भोगायचं.

आत गेले. साहेब म्हणाले, "मैडम, बच्चे की परीक्षा है, समझ गया. आपकी टेबल कौन देखेगा?" दोन पानांत हे कुठेच नव्हतं. ही रजा हक्क म्हणून मागता येत नाही, काम अडत असेल तर नाकारता येते, हे नियमातच आहे. आणि तो नियम लोकांना मीच वाचून दाखवायचे! दुसरा अर्ज सहा ओळींचा. तारखा, शिल्लक दिवस, जन्मदाखल्याची प्रत, माझं टेबल कोण बघणार आणि खाली त्याची सही. दुपारच्या चहाआधी मंजूर. (मुलाला गणितात किती पडले ते विचारू नका.)

निवृत्त बडे बाबू

ताई, 'नियमानुसार कार्यवाही करें'खाली माझी अर्धी चाकरी गेली. राज्य सरकारात चौतीस वर्षं नस्त्या बांधल्या. आता सगळं संगणकावर आलंय म्हणून नव्या मुलांसाठी सांगतो : नस्तीत एका बाजूला पत्रव्यवहार, दुसऱ्या बाजूला नोटशीट, म्हणजे प्रस्ताव आणि त्यावर एकेकाने लिहिलेले शेरे. कागदाला भोक पाडून टॅग ओवायचा, पानापानावर नंबर घालायचा, आणि जुना संदर्भ दाखवायला चिठ्ठी लावायची, तिला पताका म्हणायचं. 'पताका क अवलोकनीय'. पताका लावलेली असली की साहेब उलटून बघतातच असं नाही. पण नसली तर हमखास विचारतात.

किस्सा आमच्या रेकॉर्ड रूमच्या छताचा. एप्रिलात खपल्या पडायला लागल्या. मी नोटशीट चढवली : छत खराब, पावसाळ्याआधी दुरुस्ती आवश्यक, खर्च एक लाख ऐंशी हजार, स्वीकृतीसाठी सादर. वाटलं आठवड्याचं काम. लेखा शाखेने लिहिलं, 'मद स्पष्ट करें'. पैसे कोणत्या शीर्षाखालून जाणार आणि तिथे शिल्लक आहेत का, हे मी लिहिलंच नव्हतं. लिहिलं. परत आली : 'तकनीकी स्वीकृति संलग्न नहीं'. हे काम करायचं, असं साहेबांनी म्हणणं ही प्रशासकीय स्वीकृती. अंदाजपत्रक बरोबर आहे, असं इंजिनियरने म्हणणं ही तकनीकी. मी दोन्ही एका ओळीत मागून बसलो होतो. मेमध्ये इंजिनियर रजेवर. जूनमध्ये साहेबांची बदली. नव्या साहेबांनी नस्ती पहिल्या पानापासून वाचली (असे साहेब मी चौतीस वर्षांत दोनच पाहिले) आणि लिहिलं, 'पूर्व में मरम्मत कब हुई?' ते ज्या जुन्या नस्तीत होतं ती त्याच रेकॉर्ड रूममध्ये, डाव्या मांडणीवर, बरोबर गळतीच्या खाली.

जुलैत एका रात्री धो धो. आम्ही चौघं ओल्या कपड्यांनी सियागंजात गेलो, दुकानदाराला घरून बोलावून दुकान उघडायला लावलं, ताडपत्री आणली, मांडण्यांवर बांधली. 2,600 रुपये, माझ्या खिशातून. सकाळी कार्योत्तर मंजुरी मागितली. उत्तर काय, तर तीन कोटेशनं जोडलेली नाहीत. रात्री साडेनऊला, पावसात, तीन कोटेशनं! छताची मंजुरी सप्टेंबरात आली. ताडपत्री अजून माझ्याकडेच आहे, गच्चीत गहू वाळत घातले की वर टाकतो.

एक मात्र झालं. पुढे मी कुठलीही नोटशीट चढवायच्या आधी कच्चा मसुदा खिशात घालून लेखा शाखेत चहा प्यायला जायचो. त्यांनी तोंडी काढलेल्या हरकती कागदावर येत नाहीत. पोह्यांचा खर्च माझा.

शोध की संशोधन

मी पुण्याहून लग्न होऊन आलेली, त्यामुळे माझी गंमत वेगळी. इथल्या एका कॉलेजात लागले आणि पीएचडीसाठी परवानगी मागितली. हिंदी मला येत होतं, निदान माझी तशी समजूत होती. लिहिलं, 'संशोधन कार्य हेतु अनुमति प्रदान करें'. तीन आठवड्यांनी कार्यालयातून पत्र : किस नियम में संशोधन प्रस्तावित है, मूल नियम की प्रति संलग्न करें. मी चक्रावले. सासऱ्यांना दाखवलं, ते हसून हसून खोकायला लागले. हिंदीत संशोधन म्हणजे दुरुस्ती, फेरबदल. आपल्या संशोधनाला इथे शोध म्हणतात.

त्याहून मोठा घोळ पुढे. प्राचार्यांनी एक प्रस्ताव सगळ्या विभागांकडे फिरवला, मत लिहा म्हणून. पुण्याच्या सभांची सवय, सूचक आणि अनुमोदक. मी त्यावर ठसठशीत लिहिलं, 'मैं इसका अनुमोदन करती हूँ'. इथे अनुमोदन करतो तो सर्वांत वरचा अधिकारी. म्हणजे चार महिन्यांच्या व्याख्यातीने प्राचार्यांच्या प्रस्तावाला मंजुरी दिली! प्राचार्य भले गृहस्थ, त्यांनी शेजारी पेन्सिलीने लिहिलं, 'धन्यवाद'.

रामबागकर

शोधताई, त्याच यादीत 'राजीनामा' घाला. आमच्याकडे एकाने महाराष्ट्रातून येऊन नोकरी सोडताना विषयात 'राजीनामा' लिहिलं. बाबूने विचारलं, "किससे झगड़ा हुआ था?" इथल्या कोर्टकचेरीत राजीनामा म्हणजे दोन पक्षांची तडजोड.

पीथमपूर, पहिली पाळी

कारखान्यात नस्ती नाही, मेल आहे. अडायचं ते तिथेही अडतंच, फक्त पावती लगेच मिळते.

आमच्या कॉम्प्रेस्ड एअरच्या लाइनला गळत्या होत्या. पहिल्या मेलमध्ये मी लिहिलं, लाइन जुनी झाली, वारंवार काम निघतं, बदलावी. उत्तर : 'नोटेड'. सहा महिने नोटेडच. मग एका रविवारी प्लांट बंद असताना मी एकटा गेलो, कॉम्प्रेसर चालू केला आणि साबणाच्या पाण्याची बाटली घेऊन लाइनच्या कडेने फिरलो. एरवी मशीनच्या आवाजात काही कळत नाही. त्या दिवशी सगळा शेड फुसफुसत होता, सापांच्या टोपलीसारखा. चौदा ठिकाणी फेस आला. सगळ्यात मोठं भोक 3 मिलिमीटरचं, म्हणजे काडेपेटीच्या काडीपेक्षा थोडंच जाड.

7 बार दाबाला एवढं एक भोक साधारण साडेतीन किलोवॅट खातं. दिवसाला 84 युनिट. वर्षात 300 दिवस धरले तर 25,200. युनिटला 7 रुपये लावले तर पावणेदोन लाखांच्या वर, आणि हे एका भोकाचे. दुसऱ्या मेलची पहिली ओळच मी अशी लिहिली : ही लाइन कारखाना बंद असतानाही वीज खाते, बदलायला सहा लाख, वर्षाला वाचतील साडेतीन. 'जुनी झाली' हा शब्द काढून टाकला. जुना तर मीही झालोय, मला कोण बदलतंय!

दोन दिवसांत उलट प्रश्न आला, क्लॅम्प मारून भागणार नाही का? त्याची मला आधीच खात्री होती म्हणून क्लॅम्प मारलेल्या आणि पुन्हा फुटलेल्या दोन जोडांचे फोटो मेलला लावून ठेवले होते. सहा मागितले, चार मिळाले. चारचा पहिला टप्पा मी मुद्दाम वेगळा मांडला होता, कारण वरच्यांना काहीतरी कापल्याशिवाय सही करवत नाही. हे मला आमच्या स्टोअरच्या काकांनी शिकवलं.

कॅशिअर काकू

तोंडी मंजुरी घेतलेल्यांनी हात वर करा. मी होते एका बँकेच्या शाखेत. दिवाळीआधीचा शुक्रवार, जनरेटर बंद, बाहेर पेन्शनरांची रांग. वर फोन केला. "ले लीजिए किराये पे, कागज़ बाद में भेज देना." घेतला. कागद पाठवला तो कुठे गेला देव जाणे, आणि ऑडिटवाले आले तोवर फोनवाले साहेब निवृत्त होऊन मुलीकडे बंगळुरूला. त्यांना कोणत्या तोंडाने विचारायचं? नऊ महिने ते बिल माझ्या नावावर लोंबकळलं.

तेव्हापासून फोन ठेवला की दहा मिनिटांत मेल : 'आज 11.20 वाजता आपल्याशी झालेल्या बोलण्यानुसार...' साहेबांना राग येतो. येऊ दे.

ग्वाल्हेरची लेक

आमच्या आजोबांच्या ट्रंकेत त्यांच्या वडिलांचा दरबारी अर्जाचा कच्चा खर्डा निघाला, मोडीत. वाचता येणारे एक काका सापडले. वर 'कृतानेक साष्टांग नमस्कार विनंती विशेष', खाली 'बहुत काय लिहिणे, लोभ असो द्यावा'. मधल्या अकरा ओळींत घराण्याची सेवा. मागणं एकच, गळकं घर शाकारायला पैसे. बडे बाबू, तुमचं छत आठवलं!

तुम्हा इंदूरकरांचं बरं होतं. अहिल्याबाईंच्या आज्ञापत्रांवर नाव 'श्रीशंकर'. त्याच्या वर आणखी कुणाकडे पाठवणार?

एकशे चाळीस किलोमीटर

सगळ्यांचं वाचलं. हसले. पण मी तुमचं सगळं केलंय. विषय नीट, नियम नीट, ओळी मोजून, जोडपत्रं क्रमाने.

मी शिक्षिका. नवरा इंदूरला, मुलगी इंदूरला, माझी शाळा एकशे चाळीस किलोमीटरवर. आठवडाभर तिथे खोली करून राहते, शनिवारच्या बसने येते. बदलीचा अर्ज योग्य मार्गाने दिला. योग्य मार्ग म्हणजे आमचे मुख्याध्यापक, आणि त्यांना गणिताला दुसरं कुणी मिळणार नव्हतं, म्हणून त्यांनी तो पुढे पाठवलाच नाही. ड्रॉवरमध्ये होता, मी पाहिला. मग आगाऊ प्रत थेट वर धाडली. तिला उत्तर, 'उचित माध्यम से प्रेषित करें'. पुन्हा तेच ड्रॉवर.

शेवटी 2005 च्या माहितीच्या अधिकाराखाली विचारलं, माझ्या अर्जाचं काय झालं, नोटशीटची प्रत द्या. तीस दिवसांची मुदत असते, अठ्ठाविसाव्या दिवशी पाकीट आलं. आत एकच पान. माझं नाव, माझा विषय, खाली तीन सह्या आणि मधे लिहिलेलं, 'प्रकरण नस्तीबद्ध करें'. नवऱ्याने पान हातात घेतलं, त्याचं चप्पलचं दुकान आहे, त्याला या भाषेचा गंध नाही. म्हणाला, "नस्तीबद्ध म्हणजे मंजूर ना गं?"

फाइल बंद करून ठेवणे. मी त्याला दुसऱ्या दिवशी सांगितलं.

आठवा अर्ज लिहायला घेतलाय. टेबल कोण बघणार ही ओळ मी घालू शकत नाही, कारण बघणारं कुणी नाहीच आहे, आणि तेच तर सगळं घोडं आहे.

निवृत्त बडे बाबू

बेटा, नस्तीबद्ध झालेली नस्ती नव्या आधाराने पुन्हा उघडता येते. आठव्या अर्जात जुन्या प्रकरणाचा क्रमांक आणि त्या पानाची प्रत लाव, पताका 'क' म्हणून. नवीन अर्ज म्हणून देऊ नकोस. खात्री देत नाही. मसुदा मला दाखव, मी घरीच असतो.

रामबागकर

ताई, बाबूंना खरंच दाखवा.

जाता जाता, तो मुलगा आज परत आला होता. चार ओळी, विषयात 'बहन के विवाह हेतु तीन दिवस का अवकाश', टेबल बघणाऱ्याची सही, सगळं जागच्या जागी. मी खूश होऊन आत पाठवला, साहेबांनी न बोलता मंजूर केला. जावक करताना नीट वाचलं तेव्हा दिसलं : 29 जून ते 31 जून.