मुस्तफिझूरचा कटर : मनगट की बोटं?

मदत हवी आहे. मी डावखुरा मध्यमगती गोलंदाज, क्लबमध्ये मॅटिंगवर लेदर बॉलने खेळतो. बांगलादेशचा डावखुरा वेगवान गोलंदाज मुस्तफिझूर रहमानचा ऑफ-कटर (टप्पा पडल्यावर वळणारा फसवा चेंडू) शिकतोय. 2015 च्या मीरपूरमधल्या भारत-बांगलादेश वनडे मालिकेचे व्हिडिओ (पहिल्या दोन वनडेत त्याने आपल्या 11 विकेट काढल्या, अजून झोंबतं!) स्लो करून पाहिले. त्याचा हात नेहमीच्याच वेगाने येतो, चेंडू मात्र खेळपट्टीवर अडकून उजव्या बॅट्समनपासून बाहेर जातो. मी बोटं शिवणीवरून ओढली की फुलटॉस पडतो. मनगट वळवलं की हात मंदावतो, बॅट्समन ओळखतो. ग्रिप सैल करूनही पाहिली. ‘आधी वेग वाढव’ हा सल्ला नको, माझा खांदा दुखावलाय. 2016 च्या खांद्याच्या शस्त्रक्रियेनंतर मुस्तफिझूरची ॲक्शन बदलली का? आणि चेंडू सुटताना नेमकं काय फिरतं, मनगट की फक्त बोटं?