मदत हवी आहे: शिडाच्या बोटीवर आतला स्टे (डोलकाठीला पुढून धरणारी तार) कायमचा लावावा की काढता?

नमस्कार मंडळी. मी नागपूरचा. भावासोबत घेतलेली ३४ फुटी शिडाची बोट कोचीला असते आणि येत्या हिवाळ्यात लक्षद्वीपला जायचा बेत आहे. परतताना ईशान्येचा वारा पुढच्या बाजूने येणार, म्हणून आत्ताच विचारतोय.

सध्या पुढे एकच स्टे आहे, त्यावर फर्लरवर (शीड गुंडाळायच्या यंत्रणेवर) गुंडाळलेलं १३५ टक्क्यांचं जेनोआ, म्हणजे डोलकाठीच्या मागेपर्यंत येणारं पुढचं मोठं शीड. वारा २० नॉटच्या (ताशी सुमारे ३७ किमी) वर गेला की ते निम्मं गुंडाळावं लागतं आणि मग शिडाचा आकारच बिघडतो. मध्ये फुगतं, बोट कलते, पण वाऱ्याकडे चढत नाही.

छोट्या स्टेसेलसाठी (आतल्या स्टेवरच्या लहान शिडासाठी) आत दुसरा स्टे लावायचं ठरतंय. कायमचा लावला तर टॅक करताना (बोटीचं नाक वाऱ्यातून दुसऱ्या बाजूला वळवताना) जेनोआ त्यात अडकतं. काढता ठेवला तर गरज पडेल तेव्हा हलत्या डेकवर जाऊन तो ताणायचा, आणि भाऊ बरेचदा एकटाच असतो. मला खरी काळजी त्याचीच आहे. शिवाय हा आतला स्टे डोलकाठीला मधोमध पुढे ओढणार, म्हणजे तिला मागून ओढून धरणारे, दर टॅकला बदलावे लागणारे रनिंग बॅकस्टे आले. त्यापेक्षा मुख्य स्टेच्या अगदी मागे, डोलकाठीच्या टोकाजवळ जाणारा सोलेंट स्टे बरा का? डेकखाली बल्कहेडला (बोटीतल्या आडव्या भिंतीला) आधार कसा दिलात? ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी कृपया सविस्तर सांगा.