ऑनलाइन बेदाणा हलेना : दर पाडू, जाहिरात वाढवू की दुकान बंद करू?

मळेकरी (धागाकर्ता)
मंडळी, सावळजकडं आमची दोन एकर सोनाका द्राक्षं आहेत. दरवर्षी शेडवर वाळवलेला बेदाणा कोल्ड स्टोरेजला आणि तिथनं तासगावच्या सौद्याला, म्हणजे लिलावाला. यंदा चाळीस बॉक्स बाजूला ठेवले, म्हटलं स्वतः विकू. सौद्यात बघताना उधळला जाणारा माल, वजनातली तूट, विक्रीच्या पट्टीचे पैसे हातात पडायला लागणारा वेळ, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

एका मोठ्या मार्केटप्लेसवर खातं काढलं. ५०० ग्रॅमचं पाकीट, २६९ रुपये. नाव दिलं ‘तासगाव बेदाणा प्रीमियम सोनाका’. सुरुवातीला पैपाहुण्यांनी घेतला, बरी सुरुवात वाटली. गेल्या महिन्यात गेली अकरा पाकिटं. शिल्लक हजाराच्या पुढं. भागाकार केला तर साडेसात वर्षं येतात. साडेसातीच म्हणायची.

जाहिरात लावून बघितली. लोक येतात, बघतात, जातात. थोरला भाऊ म्हणतो दर २२९ कर. मला ते पटत नाही, पण दुसरं सुचतही नाही.

गणपतीपेठ
तीस वर्षं अडत बघितली आहे, म्हणून बोलतो, राग मानू नका. सौद्यात एका सकाळी गाडीभर माल संपतो. तुम्ही महिनाभर राबून अकरा पाकिटं विकली, म्हणजे साडेपाच किलो. सुटं विकणं हा किराणा दुकानदाराचा धंदा, शेतकऱ्याचा नव्हे. स्टोरेजचं भाडं चालूच आहे. दिवाळीच्या आधी दर चढला की चाळीस बॉक्स सौद्याला घाला आणि मोकळे व्हा.

मळेकरी
काका, सौद्यात दर पडला की तुम्ही आम्हाला काय सांगता? “थांबा, माल ठेवा.” मग इथं का थांबू नये?

मिरजेची ताई
मी मसाले आणि मेतकूट विकते, चार वर्षं झाली. मळेकरीदादा, दराला हात लावू नका. आधी नाव बघा. लखनौचा माणूस फोनवर ‘बेदाणा’ टाईप करतो का? तो ‘किशमिश’ शोधतो. आपल्याकडंसुद्धा पुण्यामुंबईच्या बायका सरसकट ‘मनुका’ म्हणतात, बेदाणा आणि मनुका यातला फरक सांगलीच्या बाहेर कोण पाळतं? तुमचं पाकीट त्यांच्यापुढं येतच नाही. नावात पहिला शब्द किशमिश, मग बिनबियांची, मग हिरवी, मग वजन, शेवटी तासगाव. सोनाका हा शब्द आपल्या कौतुकाचा. गिऱ्हाइकाला ते द्राक्षाचं वाण आहे हेही ठाऊक नसतं.

माझ्या मेतकुटाचं हेच झालं होतं. नुसतं ‘मेतकूट’ लिहिलं होतं, तेव्हा राज्याबाहेरून एक ऑर्डर नव्हती. ‘भातावर घ्यायची पूड’ असं हिंदीतून जोडलं आणि इंदूरहून पहिली ऑर्डर आली.

विटेकर
ताई, माफ करा, हे काही पटलं नाही. नाव पुसून किशमिश लिहिलं की तुम्ही अफगाणी मालाच्या आणि मोठ्या ब्रँडच्या रांगेत उभे. तिथं तासगावला कोण विचारतो? सांगलीच्या बेदाण्याला २०१६ साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं ते कशासाठी? ते पाकिटावर ठळक छापा.

आणि देशभर विकायचा अट्टाहास कशाला? फक्त महाराष्ट्रात विका. वाहतूक कमी, आणि बेदाणा म्हटलेलं कळतं.

मिरजेची ताई
नाव पुसा म्हटलं नाही हो, मागं न्या म्हटलं. आणि जीआयचं चिन्ह असं उठून छापता येत नाही. अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी लागते, ती असेल तर जरूर छापा. जिल्ह्यातले किती जण नोंदणी न करताच छापतात हा वेगळा धागा होईल.

पलूसचा पाव्हणा
सोपा उपाय सांगू? वीस मित्रांना पाकिटं घ्यायला लावा, पाच-पाच तारे टाकायला सांगा, पैसे परत द्या. वर चढतं लगेच.

मिरजेची ताई
आणि पकडलं की खातं बंद, अडकलेले पैसे वेगळे. ऑनलाइन अभिप्रायांसाठी २०२२ पासून भारतीय मानक आहे, आयएस १९०००. असले सल्ले पोरांना देऊ नका.

हिशेबनीस
सगळे नावावरून भांडताय, पण अकराची एकशे दहा झाली तर उरणार काय हे कुणी विचारलंच नाही. मळेकरी, एका पाकिटाचा खर्च सांगा. माल सौद्याच्या दरानं धरा, घरचा आहे म्हणून फुकट धरू नका.

मळेकरी
सौद्याला २१० रुपये किलो मिळत होते, म्हणजे पाकिटात १०५ चा माल. पाकीट, लेबल, खोका १८. कमिशन आणि त्यांच्या बाकीच्या फीया, करासकट ४५. घरपोच पाठवायचे ७८. बेरीज २४६. उरतात २३. जाहिरात मात्र विकल्या गेलेल्या पाकिटामागं ३० नं पडली. म्हणजे घरातनंच सात रुपये गेले. हे लिहिताना आत्ता कळतंय.

हिशेबनीस
आणि तुमचे बंधू अजून चाळीस कमी करा म्हणतात!

७८ कडं बघा. वाहतुकीचा पहिला टप्पा ५०० ग्रॅमपर्यंत असतो. तुमचा बेदाणाच ५०० ग्रॅम, त्यावर पाकीट आणि खोका, म्हणजे ५६० च्या आसपास. वरच्या साठ ग्रॅमसाठी तुम्ही एक किलोचं भाडं भरताय. ४०० ग्रॅमचं पाकीट करा, सगळं मिळून ५०० च्या आत बसवा. खोका मोठा नको, पोकळ खोक्याचं वजन लांबी-रुंदी-उंचीवरून काढतात, तिथंही मार बसतो. बेदाणा काही काच नाही, जाड पाऊच पुरतो.

विटेकर
म्हणजे शंभर ग्रॅम काढून घ्यायचे आणि दर तेवढाच? मोठ्या कंपन्या बिस्किटाच्या पुड्यात हेच करतात तेव्हा आपणच शिव्या घालतो.

हिशेबनीस
लपवलं तर फसवणूक. इथं निव्वळ वजन छापावं लागतं आणि एका ग्रॅमचा दरही छापावा लागतो. ५०० ग्रॅम २६९ ला म्हणजे ग्रॅमला ५४ पैसे. ४०० ग्रॅम २४९ ला ठेवले तर ६२ पैसे. महाग झालं हे पाकिटावरच लिहिलेलं असेल. ज्याला नको तो घेणार नाही. शिवाय किलोचं पाकीटही ठेवा, पाव्हणेरावळे तेच घेतील.

कृष्णाकाठ
मी गिऱ्हाईक म्हणून बोलते, विकत काही नाही. मागं एका विक्रेत्याकडून हिरवा बेदाणा मागवला होता, फोटोत पाचूसारखा. आला तो पिवळट, चिकट गोळा. चवीला चांगला होता हो, पण एक तारा दिला मी. दादांच्या पानावर तसलाच फोटो आहे का?

मळेकरी
आहे, ताई. मार्चमध्ये शेडवर काढलेला. तेव्हा तसाच होता. स्टोरेजमधनं काढून घरात ठेवला की रंग उतरतोच, आणि मी महिन्याचा माल एकदम घरी आणतो. तीन अभिप्राय रंगावरूनच खराब आलेत. मला वाटलं होतं, लोकांना चवीतलं कळत नाही.

कृष्णाकाठ
लोकांनी खाल्ला कुठंय अजून? ते फोटो बघून घेतात. आज आहे तसा, उन्हात, हातावर घेऊन फोटो काढा. रंग हळूहळू सोनेरी होतो हे तिथंच लिहा.

मिरजेची ताई
आणि आठवड्याला लागेल तेवढाच एकेक बॉक्स बाहेर काढा. जाहिरात तोवर बंद. खराब अभिप्राय असलेल्या पानावर गिऱ्हाईक पैसे देऊन आणायचं म्हणजे फुटक्या घागरीत पाणी.

गणपतीपेठ
महाराष्ट्रापुरतं विका म्हणणाऱ्या विटेकरांचं मला पटलं. बाकी ठीक.

मिरजेची ताई
काका, जीएसटी नंबर नसता तर तसंच करावं लागलं असतं. ऑक्टोबर २०२३ पासून लहान विक्रेत्याला नंबराशिवाय ऑनलाइन विकता येतं, पण राज्यातल्या राज्यात. दादांकडं नंबर आहे. मग उत्तरेतली दिवाळी का सोडायची?

मळेकरी
एक महिन्यानं परत आलो. नाव बदललं, फोटो बदलला, ४०० ग्रॅम २४९ ला लावलं, जाहिरात बंद. या महिन्यात ३४ गेली. त्यातली २३ महाराष्ट्रातली, म्हणजे विटेकर आणि ताई दोघांनी आपापलं खरं मानायला हरकत नाही. खर्च : माल ८४, पॅकिंग १६, फी ४३, वाहतूक ५३. उरतात ५३. रंगावरून एकच तक्रार. हजाराचा डोंगर मात्र तसाच आहे, म्हणून वीस बॉक्स काकांच्या म्हणण्याप्रमाणं दिवाळीआधी सौद्याला घालतोय.

गणपतीपेठ
वीस घातले, बरं झालं. आता एक सांगा. ५३ उरले म्हणता, त्यात पाकिटं भरायची मजुरी धरली का?

मळेकरी
नाही काका. रात्री जेवणं झाली की मी आणि आई भरतो. बायको लेबलं लावते.

गणपतीपेठ
शेडवर बाया लावता, तेव्हा हजेरी देता ना?

हिशेबनीस
काकांचा मुद्दा बरोबर आहे, माझ्या नजरेतून सुटला. निवडणं, भरणं, सील, लेबल, कुरिअरवाल्याची वाट बघणं. एका पाकिटाला किती मिनिटं जातात?

मळेकरी
कधी मोजली नाहीत. आज रात्री घड्याळ लावून बसतो.