मदत हवी आहे: २ लाख १४ हजार किमी झालेली लक्झरी एसयूव्ही, दुरुस्त करू की विकू? (पुणे)

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस लिहू की नको करत होतो, पण आता मंगळवारी गॅरेजवाल्याला हो की नाही ते सांगायचंय आणि घरात रोज रात्री जेवताना तोच विषय निघतोय, म्हणून शेवटी लिहायला बसलो. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

गाडी २०१३ ची, जर्मन, सात सीटर, तीन लिटर व्ही-६ डिझेल, बीएस-४, एमएच-१२ पासिंग. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाहीये, मला कंपनीबद्दल काही तक्रार करायची नाही आणि नाव दिलं की चर्चा हा ब्रँड भारी की तो भारी इथंच अडकते. मी सेकंड ओनर, २०१७ ला घेतली तेव्हा ७८,००० किमी झालेली, आज २,१४,००० आहे. गावात फार फिरत नाही, पण आमची सांगोल्याजवळ डाळिंबाची बाग आहे आणि दर पंधरा दिवसांनी हडपसर, पाटस, इंदापूर, टेंभुर्णी, पंढरपूर असं करत जाऊन-येऊन साडेचारशेच्या वर किमी होतातच.

आता खरं कारण सांगतो, कारण ते सांगितल्याशिवाय माझा प्रश्न कुणाला कळणार नाही. ही गाडी मी बाबांसाठी ठेवलीये. बाबा ७६ वर्षांचे, दापोडीच्या एसटी वर्कशॉपमधे मेकॅनिक होते, आयुष्य गाड्यांखाली आडवं होऊन गेलं, २०१९ ला मणक्याचं ऑपरेशन झालं. त्यानंतर बाकी कुठल्याही गाडीत तास-दीड तास बसले की डाव्या पायाला मुंग्या येतात आणि भिगवणच्या आत थांबावंच लागतं. या गाडीत एअर सस्पेन्शन (स्प्रिंगऐवजी हवेच्या फुग्यांवर गाडी तोलणारं) आहे त्यामुळे ते टेंभुर्णीपर्यंत सलग बसतात, शिवाय बटण दाबलं की गाडी खाली येते आणि त्यांना पाय न उचलता सरळ सीटवर बसता येतं. आणि नेमकं तेच एअर सस्पेन्शन गेलंय.

रात्री पार्किंगला लावली की सकाळपर्यंत पुढची डावी बाजू चांगली चार बोटं खाली बसलेली असते. चालू केल्यावर हवा भरणारा कॉम्प्रेसर आधी पंधरा-वीस सेकंद घरघरायचा, आता दीड-दोन मिनिटं चालतो तेव्हा कुठं लेव्हलला येते. या थंडीत तर जास्तच, कारण थंडीने बेलोचं (हवा धरणारा रबरी फुगा) रबर कडक होतं आणि घडीत जी बारीक चीर असते ती उघडते. मागच्या वर्षी माझ्याकडून एक चूक झाली ती इथं लिहितो म्हणजे दुसरं कुणी करणार नाही. तेव्हा एका गॅरेजने कॉम्प्रेसर वीक आहे म्हणून त्याचं किट आणि रिले बदलून दिला, मी पण हो म्हणालो, सात महिन्यांत परत तेच. हवा बेलोतून गळत असेल तर कॉम्प्रेसर बिचारा सारखा पळत राहतो आणि शेवटी जळतो, म्हणजे आधी गळती बंद करायची आणि मग कॉम्प्रेसर बघायचा. बाबा तेव्हा म्हणाले होते की आधी बेलो बघ, एसटीच्या शिवनेरी बसला पण असेच बेलो असतात, मी ऐकलं नाही.

दुसरं दुखणं ऑइलचं. इंजिन आणि गिअरबॉक्स जिथं जोडतात तिथून खाली थेंब पडतात, दोन हजार किमीला साधारण अर्धा लिटर टॉपअप. पहिल्या गॅरेजने बघितल्या बघितल्या सांगितलं की क्रँकचं मागचं सील गेलंय, गिअरबॉक्स उतरवावा लागेल. बाबांना ते पटलं नाही. त्यांनी रविवारी सकाळी सगळं पुसून कोरडं केलं, बेलहाउसिंगच्या (त्या जोडावरचं कवच) वरून खालपर्यंत टाल्कम पावडर मारली आणि मला सिंहगड रोडला एक चक्कर मारून यायला सांगितलं. आल्यावर टॉर्च लावून बघितलं तर ऑइलचा ओघळ वरून येत होता, सीलपाशी पावडर तशीच पांढरी. मग दुसऱ्या गॅरेजमधे कॅमेरा घालून बघितलं तर इंजिनाच्या व्ही च्या मधोमध, टर्बोच्या खाली जो ऑइल कूलर असतो त्याच्या सीलमधून गळून तिथं ऑइल साठतंय आणि मागून खाली उतरतंय. सील काही शेकड्यांचे आहेत, पण तिथं पोचायला टर्बो, इनटेक मॅनिफोल्ड सगळं उतरवायचं म्हणजे पैसे मजुरीचेच.

बाकी इंजिन चांगलं आहे आणि हे मी मनाच्या समाधानासाठी म्हणत नाहीये. थंड इंजिन चालू करताना चेनचा आवाज येत नाही, इंजेक्टरची लीक-ऑफ टेस्ट (परत जाणारं डिझेल मोजतात ती) करून घेतली, सहाही जवळपास सारखे, स्कॅनरवर सस्पेन्शन सोडून कुठलाही जुना कोड नाही. गिअरबॉक्स आठ स्पीड, शिफ्टिंग एकदम मऊ, पण ऑइल १,१२,००० ला एकदाच बदललंय. त्याच्या बाबतीत 'लाइफटाइम ऑइल आहे, हात लावू नका' असं सगळे सांगतात पण झेडएफसारखी गिअरबॉक्स बनवणारी कंपनी स्वतःच्या गिअरबॉक्ससाठी ८०,००० ते १,२०,००० किमी किंवा आठ वर्षं म्हणते, त्यामुळे ते पण आता करायला आलंय. आणि पुढच्या लोअर आर्मचे बुश, खड्ड्यात टक टक ऐकू येतं.

आता आकडे. अधिकृत सर्व्हिस सेंटरचं एस्टिमेट: पुढचे दोन्ही एअर स्ट्रट (बेलो आणि शॉकअप एकत्र) २,७०,०००, कॉम्प्रेसर आणि व्हॉल्व्ह ब्लॉक (हवा चारही बाजूंना वाटणारा) १,०५,०००, ऑइल कूलरचं काम १,३५,०००, आर्म ९८,०००, गिअरबॉक्स सर्व्हिस ५२,०००. एकूण ६,६०,०००. बाहेरच्या गॅरेजला आफ्टरमार्केट (दुसऱ्या कंपनीचे) स्ट्रट घालून तेच सगळं ३,१६,००० (स्ट्रट १,१०,०००, कॉम्प्रेसर ४२,०००, ऑइल कूलर ७०,०००, आर्म ६०,०००, गिअरबॉक्स ३४,०००).

आणि विकायला गेलो तर? ऑनलाइन गाड्या घेणाऱ्यांचा इन्स्पेक्टर येऊन गेला, आहे त्या अवस्थेत ६,१०,०००. एक एजंट ५,७५,००० म्हणतोय. त्याचं म्हणणं, दिल्लीला दहा वर्षांच्या वरच्या डिझेल गाड्यांवर बंधनं आल्यापासून तिकडच्या गाड्या इकडे स्वस्तात येतात आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या नव्या एसयूव्हीवरचा टॅक्स सेससकट ५० टक्क्यांवरून ४० झाला त्यामुळे जुन्याला भाव राहिला नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, पण त्या तो भाव पाडायला पण सांगतोय हे मला कळतं. सस्पेन्शन ठीक करून आणली तर ८ पर्यंत मिळवून देतो म्हणाला. म्हणजे सव्वातीन लाख घालून भाव वाढणार पावणेदोन-दोन लाखांनी, तेव्हा दुरुस्त करून विकण्यात काही अर्थ नाही हे माझं पक्कं झालंय. एक तर आहे तशी विकायची, नाही तर दुरुस्त करून शेवटपर्यंत वापरायची.

त्या एजंटला गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर कोऱ्या सह्या हव्यात, ट्रान्सफर नंतर गिऱ्हाईक मिळाल्यावर. हे मी करणार नाही आणि तुम्ही पण कुणी करू नका, कारण आरसीवर ज्याचं नाव तोच मालक, अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी त्याच्यावर, सुप्रीम कोर्टाने २०१८ मधे हे स्पष्ट सांगितलंय.

वापरायची ठरली तर माझा हिशोब असा. जून २०२८ ला पंधरा वर्षं पूर्ण, त्यानंतर फिटनेस तपासणी, रिन्यूअल, पर्यावरण कर आणि मिळणार पाच-पाच वर्षं. म्हणून मी अडीच वर्षंच धरतोय. दुरुस्ती ३.१६ लाख, वर्षाला साधारण लाखभर नेहमीचा मेंटेनन्स म्हणजे २.५ लाख, आणि आज ६.१ ची गाडी तेव्हा साडेतीनला जाईल असं धरलं तर २.६ लाख घसारा. एकूण ८.२६, म्हणजे वर्षाला ३ लाख ३० हजार. त्याउलट २५ लाखांची नवी घेतली, हिचे सहा लाख भरले, १९ लाख लोन पाच वर्षं ९ टक्क्यांनी, तर हप्ता ३९,४०० च्या आसपास, वर्षाला पावणेपाच लाख नुसता हप्ता. माझं भोसरीला छोटं मशीन शॉप आहे, महिन्याला चाळीस हजारांचा फिक्स हप्ता मला मंदीच्या महिन्यात जड जातो. नवी गाडी पाच वर्षांनी माझ्या हातात राहील हे मान्य, बायकोचं हेच म्हणणं आहे, आणि तिची दुसरी भीती पण बरोबर आहे की रात्री इंदापूरच्या पुढे गाडी बसली तर बाबांना घेऊन काय करणार. दोन नव्या गाड्यांची टेस्ट ड्राइव्ह बाबांना घेऊन केली. दोन्ही छान होत्या, पण परत येऊन ते अर्धा तास भिंतीला टेकून बसले. काही बोलले नाहीत.

आणखी एक पर्याय सगळे सुचवतात, एअर काढून चारही बाजूंना साधी कॉइल स्प्रिंग आणि शॉकअप, ८५,००० मधे. वॉर्निंग लाइट कोडिंग करून बंद करतात. स्वस्त आहे, भरवशाचं आहे, दुसऱ्या कुणाला मी स्वतः हेच सांगितलं असतं. पण मग गाडी खाली येणार नाही आणि ती मऊ चाल पण जाईल, मग हीच गाडी ठेवायची कशाला?

बाबांना विचारलं तर ते म्हणतात, "इंजिन अजून दोन लाख चालेल, पण माझ्यासाठी म्हणून पैसे घालू नकोस." यातला पहिला अर्धा भाग मी मेकॅनिकचं मत म्हणून घेतो, दुसरा नाही घेऊ शकत.

तर प्रश्न: आफ्टरमार्केट एअर स्ट्रट घालून पुण्याच्या रस्त्यांवर कुणाचे किती किमी टिकलेत? पुण्यात ऑइल कूलरचं हे काम कुणी करून घेतलंय का, किती दिवस लागले, आणि इनटेकचे गॅस्केट, व्हॅक्यूम पाइप त्याच वेळी बदलले का? मुंबईत कुर्ल्याच्या जुन्या पार्टच्या बाजारातून वापरलेले ओरिजिनल स्ट्रट आणायचा सल्ला एकाने दिलाय, पण रबराचं वय तेवढंच असणार, मला ते पटत नाही, तुमचा अनुभव सांगा.

भर (रविवार रात्री): सगळ्यांचे मनापासून आभार, इतकी सविस्तर उत्तरं येतील वाटलं नव्हतं. एकांनी साबणाच्या पाण्याची टेस्ट सुचवली होती ती आज बाबांनी केली. डाव्या बेलोच्या वरच्या घडीपाशी लगेच फेस, उजवा पूर्ण कोरडा, व्हॉल्व्ह ब्लॉकच्या जोडांवर पण काही नाही. म्हणजे गळती एकच आहे आणि सगळं एकदम करायची गरज नाही. आता विचार असा की पहिल्या टप्प्यात डावा स्ट्रट ५५,०००, कॉम्प्रेसर ४२,००० आणि ऑइल कूलर ७०,०००, एकूण १,६७,०००. उजवा स्ट्रट, आर्म आणि गिअरबॉक्स ऑइल म्हणजे उरलेले १,४९,००० दिवाळीनंतर. बायको पण या आकड्याला 'बघू' म्हणाली, आधी सरळ नाही होतं. ती एक अट घालतेय की रोडसाइड असिस्टन्स घ्यायचा आणि अंधार पडायच्या आत टेंभुर्णी गाठायची, ती मला मान्य आहे.

फक्त एकच शंका राहिलीये. उजवा स्ट्रट त्याच वयाचा, आज कोरडा आहे, पण एका बाजूला नवा आणि एका बाजूला बारा वर्षांचा असं चालवलं तर चालीत फरक पडतो का? बाबांच्या पाठीला तो जाणवेल का, हे मला हवंय, गाडीला काय होतं ते नंतर बघू. ज्यांनी एकच बदललाय त्यांनी प्लीज मंगळवार सकाळपर्यंत लिहा. ऑइल कूलरला चार दिवस लागणार म्हणतात, यंदा डाळिंबाचा आंबे बहार धरलाय, पानगळ झालीये आणि येत्या रविवारी बागेला पहिलं पाणी सोडायचंय. बाबांना तिथं असायचंय.